म्हशी : अवैध

वाहेदभाई गेल्याचा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी एका शाळेच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म तपासत बसले होते. पहाटे झोपेतच गेले, एवढंच त्यांच्या भावानं त्यांच्याच फोनवरून लिहिलं होतं. मी मेसेज वाचला आणि फॉर्मची हातातली पायरी पुरी करूनच उठले. कुणाला हे कोरडं वाटेल. पण पायरी अर्धी टाकून उठायचं नाही, ही सवय त्यांनीच लावलेली. त्याला आता काही आठवडे झाले.

ऑनलाइन फॉर्म बनवून देणारं आमचं ऑफिस शहराच्या कडेला, चिकलठाण्याला, टायरच्या दुकानावर. मी नोकरीला लागले ती दुष्काळाची वर्षं. खिडकीतून जालना रोडवरचे टँकर दिसायचे. काही नव्या सोसायट्यांकडं वळायचे, काही सरळ गावांकडं जायचे. आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली. कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. वाहेदभाई मला ‘इंजिनीयर बाई’ म्हणायचे. त्यात चेष्टा होती, पण मला आवडायचं. ते वयानं बरेच मोठे, उर्दू माध्यमात शिकलेले. बोलणं दखनी, लिहिणं मात्र एकदम शुद्ध मराठी. आपल्या मराठीला कुणी हसू नये म्हणून शेजारी शब्दकोश ठेवून लिहायचे. माणूस सोपा नव्हता. चिडले की दिवसभर अबोला, आणि माझा कोड सगळ्यांसमोर पुसून टाकायला त्यांना काहीच वाटायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एका संस्थेनं चारा छावणीत जनावरं नोंदवायचा फॉर्म आमच्याकडं करायला दिला. लांबलचक फॉर्म मोबाईलवर बघूनच माणूस दबकतो, म्हणून वाहेदभाईंनी तो पायऱ्यांत तोडला : आधी नाव, मग गाव, मग जनावरं, शेवटी फोटो. एक पायरी बरोबर भरली तरच पुढची उघडायची. भरलेलं तिथंच जपलं जायचं, म्हणजे रेंज गेली तरी पहिल्यापासून नको. चुकलं तर चौकटीखाली लाल अक्षरांत सूचना. त्या सूचनेत इंग्रजी ‘इनव्हॅलिड’च्या जागी त्यांनी कोशातला शब्द बसवला : अवैध.

फॉर्म सुरू झाला आणि फर्दापूरकडच्या आमच्या आत्याचा फोन आला.

“पोरी, तुमच्या त्या फारमानं माझ्या म्हशी अवैध ठरवल्या गं!”

“काय ठरवल्या?”

“अवैध. लाल अक्षरात आलंय. पेपरात वाळूच्या गाड्यांला लिवतेत ना, तसं. मी काय चोरून आणल्या व्हय त्या?”

झालं होतं असं की तिच्या सुनेनं मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून ‘२’ टाकला होता, आणि आमची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखायची. चौकटीचं नाव ‘म्हशी’, त्याखाली ‘अवैध’. आत्यानं दोन्ही एकत्र वाचून घेतलं. आता तहसीलची गाडी येऊन जनावरं नेणार, त्याआधी दोन्ही म्हशी देऊन टाकायच्या, असं ठरवून तिनं व्यापाऱ्याला निरोपही धाडला होता. तो सकाळी येणार होता. तिचं घर चालायचं ते त्या दोन म्हशींवर. मी परोपरीनं समजावलं. ती म्हणाली, “तू म्हणशील गं. पण लिवलेलं तर तसंच हाय ना?”

मी फोन स्पीकरवर टाकला. वाहेदभाईंनी कपाळावर हात मारला. “या अल्लाह, मैं तो भैंसों को नोटिस दे दिया!” सगळे हसले. ते हसले नाहीत. फोनजवळ येऊन म्हणाले, “आत्या, लिहिणारा मीच. माझा शब्द चुकला.”

“मग तसं लिवून दाखवा, भाऊ.”

तपासणीला मराठी आकडे शिकवायला फार वेळ लागला नाही. शब्दांना लागला. एकेक सूचना ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “आत्याला चालेल?” ‘अवैध गाव’चं ‘गावाचं नाव राहिलं’ झालं. ‘अवैध छायाचित्र’चं ‘फोटो नीट दिसत नाही, उजेडात परत काढा’ झालं. टाइप करायला लागलं की चौकट लगेच लाल व्हायची, तेही त्यांनी काढलं. म्हणाले, “बात तो पूरी करने दो उसको.”

दिवेलागणीला सुनेनं पुन्हा फॉर्म उघडला. माझा फोन तिकडं चालूच. २ टाकला... पुढची पायरी उघडली. शेवटच्या पानावर वाहेदभाईंनी लिहिलं होतं : ‘नोंद झाली. जनावरं तुमचीच. निवांत राहा.’ सुनेनं वाचलं. मागून आत्याचा आवाज, “आणखी एकदा वाच गं.” सकाळी व्यापारी आला, चहा पिऊन परत गेला.

संस्थेच्या साहेबांना ते पान पसंत पडलं नाही. वाहेदभाईंनी ‘जनावरं तुमचीच’ काढलं. ‘निवांत राहा’ काढायला ते तयार झाले नाहीत.

पुढं पाऊस झाला, शहर चिकलठाण्याच्या पार गेलं, आमच्याकडं फ्लॅटच्या, दवाखान्यांच्या, जिमच्या नोंदणीची कामं येऊ लागली. वाहेदभाई मात्र कुठलाही नवा फॉर्म तपासताना आकड्याच्या पहिल्या चौकटीत मराठी २ टाकायचे. एकदा पार्किंगच्या चौकटीत टाकला, तेव्हा शेजारी बसलेल्या बिल्डरनं विचारलं, “दोन काय?”

“म्हशी,” वाहेदभाई म्हणाले.

त्यांच्या घरी जाऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो शाळेचा फॉर्म परत उघडला. ‘इयत्ता’ची चौकट रिकामी होती. मी कीबोर्ड मराठी केला, २ टाकला. फॉर्म जरासा थांबला... आणि पुढची पायरी उघडली.