‘नाही’ म्हणायचा वर्ग

नाही म्हणायला मी जर्मनीतल्या येना शहरात शिकले. पीएच.डी.ला नव्याने आलेल्यांसाठी विद्यापीठाने पहिल्याच आठवड्यात वर्ग ठेवले होते: प्रबंध कसा लिहायचा, वेळ कसा वापरायचा, प्रोफेसरांशी कसं बोलायचं. हे शेवटचं शिकवायला एक हसतमुख जर्मन बाई आल्या. त्यांनी पडद्यावर जगाचा नकाशा लावला आणि सांगितलं, की आशियातली माणसं नकार देत नाहीत. जर्मन माणूस मात्र सरळ बोलतो आणि सरळच ऐकून घेतो. मग मला पुढे बोलावलं. त्या प्रोफेसर झाल्या, मी मीच राहिले.

“शनिवारी कामाला येशील?”

“बघते,” मी इंग्रजीत म्हणाले.

“आल्झो, तर मग, बघते म्हणजे हो की नाही?”

सगळे हसले. आमच्या घरी सहलीपासून लग्नाच्या स्थळापर्यंत सगळे नकार बाबा ‘बघू’ या एका शब्दात उरकत आणि कुणाचाही गैरसमज होत नसे. पण तिथे मी ओशाळले. बाईंनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा ‘नाइन’, म्हणजे जर्मनमधलं ‘नाही’, वदवून घेतलं, पुढे कारण जोडायला लावलं आणि टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला अभिमानच वाटला.

माझा करार एका वर्षाचा होता. तो वाढणार की नाही हे प्रोफेसरांच्या हातात, आणि माझं जर्मनीत राहणं त्या करारावर.

हिवाळ्यात प्रोफेसरांनी मला आणि माझ्याबरोबरच लागलेल्या एका जर्मन मुलाला बोलावलं. बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स आम्ही दोघांनी सत्रभर घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. लेझरवर मोजमापं घ्यायला मला नेमके तेच दिवस मिळाले होते. मी शिकवल्याप्रमाणे बोलले: नाही, आणि का नाही. “गेनाऊ, अगदी बरोबर,” प्रोफेसर म्हणाले, “स्पष्ट सांगितलंस, छान.” तो मुलगा खुर्चीत जरा मागे रेलला आणि म्हणाला, “माल शाऊएन.”

माल शाऊएन म्हणजे बघू या. शब्दाला शब्द. नकाशावरच्या सरळ बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी आमच्या बाबांचा ‘बघू’ होता, आणि हो की नाही असं त्याला कुणी विचारलं नाही. त्याने एकही प्रॅक्टिकल घेतलं नाही. ते काम पुढे तिसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडलं.

वर्ष संपत आलं तेव्हा त्याचा करार वाढला. मला प्रोफेसरांनी कॉफी पाजली. “तुझं काम उत्तम आहे,” ते म्हणाले, “पण तू ग्रुपमध्ये मिसळली नाहीस. काही मागितलं की तू दार लावून घेतेस.” मागितलं होतं एकदा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात पुढे कसा करायचा याचं मला रीतसर शिक्षण मिळालं होतं. त्या बाईंचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नकारापायी त्यांची नोकरी कधी गेली नसणार.

शेवटच्या महिन्यात माझ्या जागी आलेल्या मुलीला तयार करायचं काम माझ्याकडेच आलं. नाशिकची होती. लॅबमध्ये मराठी ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

“ताई, तुमचं पूर्ण झालं ना? सर म्हणाले, तुम्ही संपवून चाललात.”

“पूर्ण नाही झालं. काढलं मला. एकदा नाही म्हणाले होते.”

मला वाटलं, आता माझ्या बाजूने काहीतरी बोलेल. निदान चरफडेल तरी. तिने बॅग खाली ठेवली आणि लेझरच्या टेबलाकडे पाहिलं.

“मग ताई, जायच्या आधी हे आरसे जुळवायचं तेवढं मला शिकवाल ना? सर म्हणाले, ते इथे फक्त तुम्हालाच जमतं.”