बर्फाला गोधडी

आमच्या कळसाडीत दर हिवाळ्यात कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत चढण्याआधी चावडीपुढे तोलला जाई, आणि गावाच्या बाजूनं काट्याजवळ मी उभा राही. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. मी सांगितलेला आकडा शेतकरीही मानत आणि व्यापारीही, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. मला त्याचा अभिमान होता, हे मी लपवत नाही. घरात माझं मत कुणी विचारत नसे. चावडीपुढे मात्र माझ्या तोंडून "पावणेचार मण" निघालं की सगळे गप्प बसत.

हे काम बर्फापायी माझ्या हातून जायची वेळ आली. ती ही हकीकत.

एका संध्याकाळी शेकोटीपाशी बोलता बोलता मी म्हणालो की वर सातपुड्यात पौषात ताटलीतलं पाणी रात्री गोठतं. आदल्या वर्षी बांबू आणायला गेलो तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. शेकोटीच्या पलीकडे आमच्या गल्लीतले आबा बसले होते. वय सत्तरीच्या पुढचं, आयुष्यात तळोद्याच्या बाजारापलीकडे गेलेले नाहीत, आणि म्हणूनच पलीकडच्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं मत ठाम.

"डोंगर उंच शे का नही?" आबांनी विचारलं.

"शे," मी म्हणालो.

"मंग तो सूर्यना जवळ शे का नही?"

मी तोंड उघडायच्या आतच सगळी शेकोटी हसली.

"सूर्यना जवळ जाईसन पानी गोठस," आबा म्हणाले. "ज्याले पानीना दगड व्हयेल दिसस, त्याले काटावर काय दिसई?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की लोक त्यात वजावट करू लागले. विहिरीला आठ हात पाणी आहे म्हटलं तर कुणीतरी म्हणे, बर्फ वगळून किती? संक्रांतीनंतर कापूस तोलायचा होता. काट्याजवळ आबांच्या पुतण्याला उभं करावं, अशी कुजबुज बायकोनं पाणवठ्यावर ऐकली आणि घरी येऊन मला सांगितली. तो पुतण्या स्वतःचं वय तीन वेळा विचारलं तर तीन प्रकारचं सांगे.

मला त्या वर्षीही गोठ्यासाठी बांबू आणायचेच होते. मी ठरवलं, येताना बर्फ आणायचा, चावडीपुढे ठेवायचा, आणि काही बोलायचं नाही.

सोबतीला शालक आला. बायकोचा धाकटा भाऊ, माणूस प्रेमळ, पण थंडीला फार भिणारा. त्याला मी फक्त बांबूंचं सांगितलं होतं. बर्फाचं वर पाड्यावर पोचल्यावर सांगितलं.

"बांबू जड ऱ्हातस, बैल दमतस, ते माले समजस," तो म्हणाला. "पन दाजी, थंडी घरी लई जाणारा मानूस मी पहिल्यांदा दखी ऱ्हायनू."

पाड्यावरचे पावरा जमातीचे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे होते. बांबू त्यांच्याच मदतीनं तोडले होते. रात्री मी त्यांच्या अंगणात त्यांच्याकडच्या आणि आमच्याकडच्या मिळून सात पितळ्या पाणी भरून ओळीनं मांडल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. आमचा काही नवस असावा असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांनी आपल्या पोरांना पितळ्यांवरून उडी मारायची नाही अशी ताकीद दिली आणि कुत्रं बांधून टाकलं. सकाळी प्रत्येक पितळीत भाकरीच्या जाडीची बर्फाची चकती होती. अंगणापलीकडचं गवत कुणी पीठ चाळून टाकल्यासारखं पांढरं झालेलं. बैलांच्या पाठीचे केसही पांढरे. कासरा रात्रभर बाहेर राहिल्यानं काठीसारखा ताठ झाला होता आणि तो सोडवायला शेकोटीवर धरावा लागला.

चकत्या काढून मी घासलेटच्या रिकाम्या, धुतलेल्या डब्यात एकावर एक रचल्या. खाली, वर आणि कडांना भाताचा पेंढा भरला. त्या गृहस्थांनी मोडक्या मराठीत विचारलं, "तुमच्याकडे हे खातात?"

मी म्हणालो, नाही, दाखवायला नेतो आहे.

ते म्हणाले, "आमच्याकडे हे कधी जातं याची वाट बघतात." आणि पेंढ्याची आणखी एक पेंडी आणून दिली.

आमच्याकडे पांघरायला दोन गोधड्या आणि एक घोंगडी होती. दोन्ही गोधड्या मी डब्याला गुंडाळल्या. शालक हे शांतपणे पाहत होता. मग म्हणाला, "बरफले थंडी वाजस का?"

"गोधडी गरम करत नही," मी त्याला समजावलं. "जे मधमा शे ते मधमा ठेवस. आपली ऊब मधमा ऱ्हास, तशी त्याची थंडी मधमा ऱ्हाई."

"मंग माले गुंडाळा. मन्हामा बी थंडीच शे."

राहिली घोंगडी एक आणि माणसं दोन. वारा पुढून लागतो, म्हणून ज्याच्या हातात कासरा त्यानं घोंगडी पांघरावी आणि आळीपाळीनं बसावं, असा मी नियम केला. नियम रास्त होता. पण शालकानं एकदा कासरा हातात घेतला तो सोडायलाच तयार होईना. मी पाळी संपल्याचं सांगितलं की तो म्हणे बैल आत्ताच कुठं लयीत आले आहेत. एरवी गाडी हाकायचा त्याला कंटाळा. त्या दिवशी त्यानं जेवणसुद्धा एका हातानं केलं.

मी मागे बांबूंवर, डबा मांडीशी घेऊन बसलो. उतारावर धुकं इतकं होतं की पुढचे बैल असावेत असं घुंगरांवरून समजून चालायचं. हिवाळलेल्या गवतावरून चाकं सरकत होती. चाकाला ओंडका बांधला होता, तरी एका ठिकाणी गाडी आडवी झाली आणि बांबूंच्या शेंड्यांसकट आम्ही घसरत निघालो. शालक उडी मारायच्या बेतात असलेला मला दिसला.

"डबा धर," मी ओरडलो.

हे मी का ओरडलो ते मला आजही सांगता येत नाही, कारण डबा माझ्याच मांडीवर होता. पण तो इतका आज्ञाधारक की कासरा सोडून मागे आला आणि त्यानं डब्याला मिठी मारली. मीही मारलेली होतीच. असे आम्ही दोघे दाजी-शालक एका डब्याला कवटाळून, मोकळ्या बैलांच्या भरवशावर, उतार संपेपर्यंत खाली आलो. बैल खाली पोचल्यावर आपण होऊन थांबले आणि मागे वळून बघू लागले.

"कोनी दखं नही ना?" शालकानं विचारलं.

कुणी पाहिलं नव्हतं. त्या गडबडीत घोंगडी मात्र माझ्या हाती लागली.

दुपारी ऊन पडलं. मी गाडी सावलीच्या बाजूनं घ्यायला लावली, ऊन अंगावर घ्यायला आसुसलेल्या शालकाचं काही ऐकलं नाही. डबा उघडून पाहायची त्याला भारी हौस. मी साफ नकार दिला. एकदा उघडला की जेवढी थंडी बाहेर जाईल तेवढा बर्फ कमी होणार, तेव्हा घरी पोचेपर्यंत झाकण काढायचं नाही, असा माझा दुसरा नियम होता. हाही नियम रास्तच होता. पुढं जे झालं ते त्याच्यामुळंच मला वेळेवर कळलं नाही.

तळोद्याला मुक्काम केला. गाडीखाली पेंढा पसरून झोपलो, डबा मध्ये ठेवून. त्या दिवशी खालीही थंडी अशी उतरली की तळोद्याचे लोक बाजाराच्या कोपऱ्यावर बैलगाडीची जुनी चाकं जाळून बसले होते. घोंगडी आमच्या दोघांत. पण झोपेत मी घोंगडी ओढून घेतो अशी घरातही तक्रार आहे, आणि पहाटे जागा झालो तेव्हा ती सगळी माझ्या अंगावर होती. शालक दिसेना. मग डब्याच्या गोधड्यांतून त्याचे पाय बाहेर आलेले दिसले. तो आत शिरून, गुडघे पोटाशी घेऊन, डब्याला पाठ लावून गाढ झोपला होता.

मी त्याला उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "रातभर पाठ गार पडनी. पन पोट गरम व्हतं."

त्याची पाठ गार झाली म्हणजे डबा तितकाच गरम झाला, हा हिशेब मी तिथल्या तिथे करायला हवा होता. पण गाडी जुंपायची घाई होती. वाटेत डब्यातून डुचमळल्याचा आवाज येत होता. मी शालकाला विचारलं. तो म्हणाला, पिण्याच्या पाण्याची घागर असेल. घागर आम्ही तळोद्याला रिकामी करून उलटी बांधली होती, हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

गावात शिरलो तर गावच पांढरं. त्या रात्री कळसाडीतही बर्फ धरला होता. गावाच्या आठवणीत असं पूर्वी झालेलं नव्हतं. तुरीची पानं करपल्यासारखी काळी पडली होती, आमच्या दगडी डोणीत बैलांच्या पाण्यावर जाड पापुद्रा होता, आणि पोरं त्याचे तुकडे तोंडात घालून हिंडत होती. मला वाटलं, चला, आता तरी मिटलं. आबा दारातच उभे होते.

"आबा, दखं ना पानी गोठेल?" मी म्हणालो.

"दखं," आबा म्हणाले. "आठे, गावमा दखं. आपलं गाव डोंगरपेक्षा खाले शे, सूर्यपासून दूर शे. आठे गोठीच. मी कव्हा नही म्हनू?"

म्हणजे आमच्या गावच्या बर्फानं आबांचंच म्हणणं पक्कं झालं. आता डोंगरातला बर्फ दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, "डोंगरना बरफ आनेल शे. चावडीवर चला." आबांनी काठी घेतली. मी बैल सोडून गव्हाणीशी बांधले, शालकाला डबा चावडीच्या ओट्यावर आणायला सांगितलं. त्याला जरा उशीर लागला. बायकोनं थंडीची म्हणून सगळ्यांसाठी चहा टाकला होता आणि तो चावडीवरच पाठवायला मी तिला सांगून ठेवलं.

चावडीवर वीसेक माणसं जमली. मी डब्याच्या गोधड्या सोडल्या, झाकण काढलं, पेंढा बाजूला केला. आत बर्फ होता. छान, जाड, चमकणारा. आबा पुढे झुकले, बोट लावून पाहिलं आणि बोट चोखलं. त्यांचा चेहरा पडला. पुतण्या मागे सरकला. शालक माझ्याकडे बघून हळूच हसला. मीही हसणारच होतो.

पण मी बर्फाकडे बघितलं. माझ्या चकत्या गोल होत्या, पितळीच्या. हा तुकडा चौकोनी, एका बाजूनं दगडाच्या खरखरीत कडेचा ठसा असलेला. माझ्या चकत्या भाकरीएवढ्या जाड, हा दोन बोटं. आणि आत ज्वारीच्या कडब्याचं एक पान गोठलेलं होतं. वरच्या पाड्यात ज्वारी नव्हती, आणि माझ्या पितळीत बैलानं तोंड घातलेलं नव्हतं.

"हा बरफ डोंगरना नही," मी म्हणालो. "हा मन्ही डोनीमधला शे."

शालकानं कपाळावर हात मारला. "दाजी, तुम्हले बोलानं काय पडेल व्हतं? मी तुम्हनासाठेच टाका."

"आन डोंगरना?"

"त्यानं पानी व्हई गयथं. पुरं पानी. रातले मी..." तो थांबला. "मी काय करू, माले थंडी वाजे."

आधी पुतण्या हसला, मग सगळी चावडी. एक जण हसता हसता ओट्यावरून खाली उतरून बसला. मी डब्याचं झाकण लावलं आणि काटा गेला असं मनाशी धरलं.

आबा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत होते, एखादं न उलगडणारं जनावर पाहावं तसे. मग पुतण्याला म्हणाले, "तू काटापासून दूर ऱ्हाय. ह्यालेच उभा करा. ह्या मानूसले सोताना फायदानं खोटं बी बोलता येत नही. बरफनं त्याले काही समजत नही, पन आकडा खरा सांगई."

असा माझा काटा माझ्याकडे राहिला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत मी तो सोडला नाही.

एवढ्यात घरून चहा आला. आबांनी पेल्यावर फुंकर घातली, एक घोट घेतला आणि शालकाला विचारलं, "ते डोंगरनं पानी कोठे फेकं?"

"फेकं नही," शालक म्हणाला. "बहीणनी चहामा टाकं. तुम्हना हातमा शे तेच."

आबांनी पेल्यात निरखून पाहिलं. पुन्हा एक घोट घेतला, तो तोंडात घोळवला, आणि सगळ्या चावडीकडे वळून समाधानानं मान हलवली.

"गरम शे," ते म्हणाले. "मी पहिलेच सांगेल व्हतं, डोंगरनं पानी गरम ऱ्हास."