दत्तोबाच्या रानातला बुरूज मी कसा वाचवला

बसा. चहा उकळेपर्यंत माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा ऐकून घ्या. बायकोलासुद्धा आजवर अर्धाच सांगितलाय. पण आता लपवायचाही कंटाळा आलाय हो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शाहूपुरीतल्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. वर्गात साठ पोरं, त्यातली चाळीस जांभया द्यायची. मीही द्यायचो, खोटं कशाला बोलू? पण रविवार उजाडला की सायकल काढायची आणि पन्हाळ्याच्या अंगाला पडके दगड बघत हिंडायचं, हे एक वेड तेवढं शिल्लक होतं.

अशाच एका रविवारी दत्तोबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बुरूज सापडला. काळ्या दगडाचा, गोल, दोन पुरुष उंच. भिंतीत बंदुका रोखायची भोकं, आणि त्या भोकांत कोंबड्या बसलेल्या! बुरुजाला टेकून दत्तोबाच्या पणज्यानं पुढं कधीतरी घर बांधलं होतं. त्याचाही आता उंबरा, जमिनीत पुरलेला रांजण आणि एक फुटकं जातं एवढंच उरलेलं. मला तर भरूनच आलं.

"दत्तोबा, हे कुणी बघितलंय का?"

"रोज बघतोय की! म्हातारी आय सणासुदीला नारळ फोडती हितं. बसा पावणं, भाकरी खावा."

असा माणूस! मी भाकरी खाल्ली आणि पुढच्या रविवारी टेप घेऊन हजर झालो. मापं घेतली. खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली. नकाशा काढायला सोपं जावं म्हणून दगडादगडावर चुन्यानं आकडे घातले. दत्तोबा बांधावर उकिडवा बसून बघत होता. तोंडातून अवाक्षर नाही. मला वाटलं, माझ्या विद्वत्तेनं दिपला!

निघताना त्याला धीर द्यावा म्हणून... हो, धीरच! हसू नका. मी म्हणालो, "काळजी सोडा. सरकारला अर्ज केलाय. पुढल्या रविवारी पुरातत्त्व खात्याचे साहेब बघायला येतायत. एकदा ही जागा सरकारच्या ताब्यात गेली, की इथला खडासुद्धा कुणाला हलवता येणार नाही!"

"कुनालाच?"

"कुणालाच! तुम्हालासुद्धा नाही!"

त्याची बायको मला ताक द्यायला आली होती. ती तांब्या घेऊन तशीच माघारी खोपटात गेली. आनंदाच्या भरात बाई ताक द्यायचंच विसरल्या, असं मी समजलो.

पुढच्या रविवारी साहेबांना घेऊन गेलो. साहेब पोक्त, गुडघेदुखीनं बेजार. एस.टी.च्या थांब्यापासून दोन मैल त्यांना उन्हात चालवलं, आणि वाटभर बुरुजाचं वर्णन ऐकवलं. पोचतोय तर काय? सपाट रान! नांगरलेलं, सऱ्या सोडलेल्या, उसाची लागण झालेली, वर पाणीसुद्धा दिलेलं. बुरूज नाही, उंबरा नाही, रांजण नाही. कोंबड्यासुद्धा गायब!

"दत्तोबा, बुरूज कुठाय?"

"कंचा बुरूज?"

"अहो, इथला!"

"हितं? हितं पयल्यापास्नं ऊसच हाय की."

बांधावर त्याची दहाबारा भाऊबंद मंडळी उभी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. "व्हय, व्हय. ऊसच!"

साहेब माझ्याकडे काळजीनं बघायला लागले. मास्तरांना ऊन लागलं असावं, अशी ती नजर. तेवढ्यात नव्या बांधातल्या एका दगडाकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यावर माझ्या हातचा चौदा. उलटा. शेजारी एकतीस.

मग दत्तोबा उसळला. "व्हय, पाडला! अख्खी भावकी चार दिस पाडत हुती! माज्या मेव्हण्याचं रान धरणात गेलं तवा असंच झालतं. पयली टेप आली, मग खुट्ट्या, मग चुना, आन मग नोटीस! मी काय खुळा हाय व्हय? दीड एकर रान हाय माजं, मास्तर. ते गेलं तर पोराबाळांनी खायाचं काय?"

साहेब बांधावर टेकले. गुडघा चोळत म्हणाले, "अहो, रान तुमचंच राहिलं असतं. बुरुजापाशी एक पाटी लागली असती, बस्स."

"निस्ती पाटी?" दत्तोबा माझ्याकडे वळला. "मग तुमास्नी तसं सांगायला काय झालतं?"

मला बुरुजाचा काळ ठाऊक होता, दगडाची जात ठाऊक होती. बांधावर गप्प बसलेल्या माणसाला 'का हो, काय झालं?' एवढं विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

"म्हातारी दोन दिस जेवली न्हाय," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा राग संपला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही होतं.

साहेबांनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. एवढी तंगडतोड केलीच आहे तर नोंद तरी करू, म्हणाले. गाव लिहिलं. सद्यःस्थिती : नष्ट. मग पेन थांबवलं.

"नष्ट होण्याचं कारण? तोफांचा मारा लिहू? वीज? पूर? वडाची मुळं? काय लिहू, मास्तर?"

तीनशे वर्षांत यांतल्या एकालाही तो बुरूज पाडायला जमला नव्हता. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि फळ्यावर काढतो तसल्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'इतिहासाचे मास्तर, नग एक.'