मानपत्रातलं ग्रहण

नरडाण्याजवळच्या एका खेड्यात मी वाढलो. घरात, गल्लीत सगळीकडे अहिराणी. धुळ्याला कॉलेजात शिकवायला लागलो तशी ती तोंडातून घालवली. आमचं मंडळ दरवर्षी विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या एखाद्याचा सत्कार करायचं. एका वर्षी मीच आमच्या गावच्या नानांचं नाव सुचवलं. एवढं एक बरं झालं माझ्या हातून.

नाना विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी घडवलेली दुर्बीण लावून लोकांना चंद्रावरचे खड्डे दाखवायचे, सगळं अहिराणीत समजावून. फार पूर्वी, दिवाळीतल्या एका सूर्यग्रहणाला त्यांनी गरोदर बायकोला, अक्कांना, ओट्यावर बसवून वांगी चिरायला लावली. काही होत नाही, हे गावाला दाखवायचं होतं. मुलगी झाली ती फाटक्या ओठाची. डॉक्टर म्हणाले, असं कुणाच्याही घरी होतं, ग्रहणाचा संबंध नाही. पण गावाचं ठरलं होतं. नानांना येडा म्हणून सोडून दिलं. अक्कांना सोडलं नाही. लग्नात, बारशाला, नळावर, कुणीतरी विचारायचंच, "काय वं अक्का, आज काय चिरी राहिनी?"

सत्काराचं सांगायला गेलो तेव्हा नाना म्हणाले, "भाऊ, मले शाल नको, नारळ नको. ते मानपत्र आहिरानीमा लिख. तिनं काही चुकनं नही, हाई तिले बठ्ठास्ना समोर आयकू दे."

मी लिहिलं. अक्कांचं काही चुकलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगणारं एक वाक्य त्यात घातलं. आणि पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला एक शुद्ध मराठीतही लिहिलं.

सत्काराच्या दिवशी चहा घेताना मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "सत्कारमूर्ती बोलणार आहेत म्हणे. सांभाळा बुवा, नुसतं शे-शे होईल!" अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, त्यावर सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्हालाही येते का हो ही भाषा?"

"छे. समजते थोडीफार."

एवढं बोलल्यावर अहिराणी कागद काढणार कसा? मी दुसरा वाचला. 'ग्रहणविषयक अंधरूढींच्या उच्छेदार्थ आपण सहधर्मचारिणीसमवेत जे धैर्य प्रकट केले...' आवाज छान लागला होता. पहिल्या रांगेत अक्का होत्या. त्यांना त्यातला ग्रहण हा एकच शब्द कळला. तो ऐकताच सभागृहातली माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. कौतुकानेच. अक्कांनी पदर ओठांवर ओढून घेतला.

कार्यक्रमानंतर जिन्यात त्या नानांना म्हणत होत्या, "आठे बी तेच काढं का? इतला मोठा लोके बी तेच म्हंतस?"

"नही वं, चांगलंच बोलनात."

"मंग बठ्ठा मनाकडे कसाले दखी राहिंतात?" मग त्यांनी मला गाठलं. "भाऊ, तू तं आमना गावना. तू सांग, काय व्हतं कागदमा?"

पाहुणे शेजारीच कचोरी खात उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. ते मला तोंडपाठ होतं.

"छानच होतं हो," मी म्हणालो. "आपलं कौतुकच केलंय."

तहसील कचेरीतल्या कारकुनाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाना त्यांना म्हणाले, "चल, सर कामात आहेत." स्वच्छ शुद्ध मराठीत. नानांना तसं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

अहिराणी कागद मी त्याच संध्याकाळी फाडला. जपून ठेवला म्हणालो तर खोटं होईल.

पुढचं सूर्यग्रहण आलं तेव्हा त्यांची ती लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. वेध लागल्यापासून अक्कांनी तिला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं. पाण्याचा घोटही दिला नाही. ती दार वाजवत होती, नाना ओट्यावर बसून होते. गावच्या एकाने हे मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा कॉलेजच्या गच्चीवर मुलांना ग्रहणाचे चष्मे वाटत होतो. "बरं," म्हणालो, आणि राहिलेले चष्मे वाटून टाकले.