लोहोबा खोटं बोलत नाही

आमच्या न्हावरे गावच्या भीमाजीने रोबोट पहिल्यांदा पाहिला तो रांजणगावच्या कंपनीत, २००२ साली. पिवळा, वेल्डिंग करणारा. तेव्हापासून हा गडी शिफ्टवरून आला की जेवणाआधी वही काढायचा. पुढे शिरूरच्या एका साप्ताहिकात त्याची रहस्यमालिका सुरू झाली. नायक लोहोबा, म्हणजे हरवलेली माणसं शोधणारा रोबोट. नाव देवाचं आणि अंग पत्र्याचं, म्हणून मी त्याची भरपूर टर उडवली. पण शनिवारी अंक आला की तो उघडायची घाई मलाच असायची.

लोहोबाला खोटं बोलता येत नसे. हा नियम भीमाजीने बारा भाग पाळला.

त्याची आई जाईबाई हिला अक्षरओळख नव्हती, आणि भीमाजी स्वतःचं लिहिलेलं वाचायला लाजायचा. त्यामुळे ते काम शेजारी म्हणून माझ्याकडे आलं. जाईबाईचा धाकटा, हौशीराम, वर्षापूर्वी दौंडला जातो म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. म्हातारी रोज त्याच्यापुरती भाकर झाकून ठेवायची. त्या घरात दाराकडे पाठ करून बसणं मला जमत नसे, हौशीराम आत्ता येईल असं वाटायचं. बिरदेवाच्या जत्रेत अंगात आलेल्या भगताला तिने तीनदा विचारून पाहिलं होतं. अखेर ती भीमाजीला म्हणाली, "भगत चुकंल. तुझा लोहोबा न्हाई चुकायचा. त्याला हौशाला शोधाया लाव."

भीमाजीने दोन शनिवार टाळले. तिसऱ्या शनिवारी तेरावा भाग आला. त्यात लोहोबा एका आईला सांगतो की तुझा धाकटा सुरतेला कापडगिरणीत आहे, खुशाल आहे, दिवाळीला येईल. वाचताना मला खरंच भरून आलं. भीमाजी उंबऱ्यावर बसून ऐकत होता.

जाईबाईने शेवट पुन्हा वाचायला लावला. मग भीमाजीकडे वळून म्हणाली, "लोहोबा आधी खुणा सांगतो, मग मानूस. हितं एक बी खूण न्हाई. ह्यो तू बोलतुयास."

भीमाजी उंबऱ्यावरून उठून आईसमोर येऊन बसला. मग त्याने सांगून टाकलं. हरवल्याची तक्रार दिल्यावर चौथ्या दिवशी पोलिसांनी त्याला रुळांजवळ सापडलेलं प्रेत ओळखायला नेलं होतं. तो हौशीरामच होता. बाप जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. आईपुढे आणखी एक मढं कसं न्यायचं, या भीतीने त्याने मान हलवली आणि आमचा नाही म्हणून सांगितलं. बेवारस ठरवून पोलिसांनीच अग्नी दिला. कंपनीतला रोबोट दिवसभर इकडून तिकडे मान हलवतो आणि मला त्याच्यात मीच दिसतो, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

जाईबाई रडली नाही. तोंड कसं दिसत होतं, एवढंच तिने विचारलं. झोपल्यासारखं, तो म्हणाला.

"गेला तर गेला," ती म्हणाली. "पर त्यो तिथं पडून ऐकत आसंल रं. सख्खा भाऊ आला, आन् आमचा न्हाई म्हनून निघून गेला."