दांडीवरचं चार आण्याचं नाणं

कपाट आवरताना चिकटपट्टीसकट चार आण्याचं नाणं हाती लागलं आणि जुन्या जालन्यातल्या घरातली ती दुपार आठवली. बाबा लोखंडाच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. सुई उडू नये म्हणून हे नाणं त्यांनीच रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीवर चिकटवलेलं. “आवाज लई दबून राह्यलाय, कायतरी कर,” म्हणाले, म्हणून मी नवी सुई आणि नवा अँप्लिफायर आणला. नाणं काढलं, मागचं वजन फिरवत दांडी हवेत सरळ तरंगेपर्यंत तोलली, सुईचा भार लावला आणि त्यांची आवडती भीमगीतांची तबकडी सुरू केली. सुईतून नुसती डासासारखी गुणगुण आली. स्पीकरची वायर जोडायचीच राहिली होती. मी उठणार तोच बाबा डोळे मिटून, मांडीवर ठेका धरत म्हणाले, “आता बराबर. बिलकुल साफ.” मी वायर जोडली. गाणं घरभर घुमलं. बाबा मात्र मनातल्याच कडव्यावर डोलत राहिले. मशिनच्या गोंगाटात कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. बाबा घरातही आमचे ओठच बघत होते. किती वर्षांपासून, हे त्यांना विचारायचं धाडस मला आजही होत नाही.