सुमनबाईची पोट्टी

खंजिरी भजनाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत धान घरात आलं की गावोगावी मंडप उभे राहतात, आणि आम्ही तिघं-चौघं परीक्षक एसटीने या मंडपातून त्या मंडपात. त्यातले सगळ्यात खमंग किस्से नावाजलेल्या गायकांच्या पोरांचे! वर्षानुवर्षं मी ते टपरीवर हसत हसत सांगत आलो.

यंदा मात्र सांगताना मी अर्ध्यावरच थांबू लागलो. दिवाळीत आमची पल्लवी म्हणाली, "बाबा, यंदा मंडळात मेन मी गाणार."

आमची म्हणजे माझी आणि सुमनबाईची. माझं सोडा, मी साधा पेटीवाला. पण सुमनबाई गाणार म्हटलं की बायका चूल सोडून मंडपात येतात. तिच्या पोरीला लोक कोणाशी ताडून बघणार, हे मला सांगायला नको. मीच इतकी वर्षं ते करत आलो होतो!

* * *

चामोर्शीला एका मोठ्या गायकाचा मुलगा गायला बसला. वडील आलाप घेताना डावा हात कानावर ठेवायचे, हे सगळ्या जिल्ह्याला पाठ. पोराने पहिल्याच आलापाला हात कानावर नेला. मागे बसलेल्या कोरसनेही नेला! मंडपात वाहवा झाली आणि आम्ही सढळ हाताने मार्क दिले.

नंतर चहाला वडिलांचे जुने तबलजी भेटले. मी म्हटलं, "काय अदा उचलली पोराने बापाची!"

"कायची अदा जी?" ते म्हणाले. "बापाचा तो कान वाहे. लोकाईले दिसू नये म्हणून झाके!"

* * *

एटापल्लीचा किस्सा तर मी आजही दबक्या आवाजातच सांगतो. एक तरुण गडी वडिलांची जुनी खंजिरी घेऊन आला होता. निवेदक असा उत्साही, की माइकवरून ओरडला, "वडिलांची खंजिरी, मंडळी! असली घोरपडीचं कातडं!"

आणि पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे कोण? जंगलखात्याचे रेंजर साहेब! गणवेशासकट!

घोरपडीला हात लावायलाही बंदी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गड्याने खंजिरी शेल्याखाली सारली आणि अख्खं भजन टाळ्या वाजवून म्हटलं. घाम मानेवरून ओघळत होता. आम्ही परीक्षक मार्कांच्या कागदात डोकं खुपसून बसलो.

संपल्यावर साहेब स्टेजवर आले. "आवाज वडिलांचाच आहे," म्हणाले. "खंजिरी कुठे गेली?"

"घरी इसरलो, साहेब!" गड्याने हात जोडले, आणि शेल्याखाली छुन्नकन वाजलं.

* * *

मुलचेऱ्याला माझीच फजिती झाली. एका मुलाने स्टेजवर वडिलांचा फोटो ठेवला. नावाजलेला माणूस, पोराला वाटलं परीक्षकांवर वजन पडेल. आयोजकांपैकी कोणाला तरी फोटो नुसता बरा दिसेना, त्याने हार घातला. हार पाहून मला वाटलं, गेले बिचारे. मी माइक घेतला, दोन शब्द बोललो आणि सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं.

अख्खा मंडप खाली मान घालून उभा. तिसऱ्या रांगेत एक म्हातारबुवाही टोपी काढून उभे होते. शांतता संपल्यावर त्यांनी हळूच शेजाऱ्याला विचारलं, "कोन गेलं जी?"

शेजाऱ्याने वळून पाहिलं. फोटोतलेच ते!

* * *

आमच्या देवाजीभाऊंचा नियम ठरलेला. देवाजीभाऊ म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने परीक्षक. "बाप मोठा असन तर पोराचे पाच मार्क कापाचे," ते म्हणायचे. "बापाच्या नावाचे पाच तो घरूनच घेऊन येते."

मी दरवेळी मान डोलवायचो. यंदा एसटीत त्यांनी तेच ऐकवलं, तर मी तावातावाने भांडलो. "पोरानं काय पाप केलं? उलट पाच जास्त द्या! बापाचं ओझं घेऊन गाते तो!"

देवाजीभाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पल्लवी गाऊन राह्यली का यंदा?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

* * *

तर पोंभुर्ण्याची स्पर्धा. मला परीक्षकांच्या खुर्चीत बसवायचा प्रश्नच नव्हता. सुमन तर यायलाच तयार नव्हती. "मी दिसली का लोकं माह्याकडेच पायतीन," म्हणाली. "तिच्याकडे कोन पायन?" शेवटी आली ती डोक्यावरून पदर ओढून, अगदी मागे, जिथे मंडळं कातडं ताणायला खंजिऱ्या तापवतात त्या शेकोटीशेजारी बसली. मी तिच्या बाजूला. चहा आला, दोघांनीही घेतला नाही. पोरीचं एक भजन बिघडलं तर लोक दहा वर्षं सांगतील. मीच सांगत आलो नव्हतो का?

पल्लवीने सुरुवात केली. आईचं गाजलेलं एकही भजन तिने घेतलं नव्हतं. पहिल्या ओळीला आवाज जरा कापला. सुमनने माझं मनगट धरलं. दुसऱ्या ओळीला सूर स्थिरावला, कोरसने तो उचलला, खंजिरी बोलू लागली. चाल आईची नव्हती, ठेकाही तिचा नव्हता. बरं आहे की वाईट, मला कळेना. आयुष्यभर मार्क दिले आणि त्या दिवशी मला काही म्हणजे काही कळेना!

तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून वाट काढत शेकोटीपाशी आली. बस उशिरा पोचल्यामुळे नाव पुकारलेलं तिने ऐकलं नव्हतं. डोळ्यांनी अधू, पण सुमनची जुनी चाहती. जवळ वाकून तिने सुमनला ओळखलं आणि हरखून बाजूला टेकली.

"सुमन, तुह्या पोट्टीचा नंबर कवा हाय वो? तिलेच आयकाले आली मी एवढ्या दुरून."

मी सांगायला तोंड उघडलं. सुमनने माझं मनगट दाबलं.

म्हातारीने स्टेजकडे कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग मान हलू लागली, बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

"हे कोन व्हय वो? चांगलं म्हनून राह्यली!"

सुमनने पदर आणखी पुढे ओढला.

"का मालूम, मावशी," ती म्हणाली. "माही पोट्टी आली नाई यंदा. तू हिलेच आयक."